कोपरा फाडलेलं कार्ड

“मास्तर, बसू नका. बसलं की पाय रुसत्यात.”

कोंडीबा ढेबे हे जागच्या जागी पळत म्हणाला. मी तोवर बसलो होतो. बसलो होतो म्हणणंही सभ्यपणाचं झालं. करवंदीच्या जाळीशेजारी आडवा झालो होतो आणि आपण जिवंत आहोत की नाही, याची निःपक्षपाती चौकशी करत होतो.

“अजून किती?”

“दोन टेकड्या. मग उतार. मग ओढा. मग तुमची साळा.”

“म्हणजे अर्धं झालं?”

“अर्धं कसलं? पाव.”

सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. डोंगराच्या उतारावर सोनकी फुलली होती, इतकी की पिवळ्या रंगाचा वीट यावा. खाली धरणाचं पाणी तुडुंब भरलेलं. त्या पाण्याच्या काठाकाठाने, कधी वर चढत, कधी पार पाण्यापर्यंत उतरत, वीतभर रुंदीची पायवाट गेली होती. उंबरीच्या पोस्टापासून आमच्या दहिवणपर्यंत अकरा मैल. कोंडीबा त्या वाटेने खांद्याला टपालाची थैली, हातात घुंगरांची काठी घेऊन रोज पळायचा. मधल्या पाच वाड्यांत पत्रं वाटायचा आणि दुपारपर्यंत दहिवणला पोचायचा. तिथल्या एकशिक्षकी शाळेतला तो एक शिक्षक म्हणजे मी. वय चोवीस. आणि टपालवाल्याबरोबर एकदा ही वाट पळून पाहू, ही कल्पना माझीच.

हल्ली त्या वाटेवर दर हिवाळ्यात धावण्याची शर्यत असते. भडक बनियनी घातलेली शहरातली माणसं पैसे भरून पळतात आणि शेवटी गळ्यात पदक घालून घेतात. संयोजकांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं, “सर, तुम्ही तिथे नोकरीला होतात ना? स्मरणिकेसाठी वाटेचं वर्णन द्या. दोनशे शब्द, हलकंफुलकं.” मी दोनशे शब्द दिले. सोनकी, पाणी, धुकं, सगळं घातलं. हे जे लिहितोय ते त्यात बसत नव्हतं.

“कोंडीबा, तू पळतोस कशाला? चालत गेलास तर खातं काय फासावर देणार आहे?”

“चालत्या माणसाला लोक थांबवत्यात. बस म्हणत्यात, च्या घे म्हणत्यात. पळत्याला वाट देत्यात.”

मी उठलो. पुन्हा पळू लागलो, म्हणजे तो पळत होता आणि मी पडायचा राहत होतो. दुसरी टेकडी उतरताना तो एकदम चालायला लागला. मला वाटलं, माझी दया आली. तसं नव्हतं. थैलीतली पुढच्या वाडीची पत्रं काढून तो एकेक बघत होता आणि त्यातलं एक पोस्टकार्ड त्याने वेगळं केलं. त्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता.

ज्यांनी कधी पत्रं लिहिली नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. कोणी वारल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडायचा, अशी रीत होती. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. असलं कार्ड घरात न्यायचं नाही, दारातच वाचून घ्यायचं, फाडायचं आणि आंघोळीला जायचं.

“कोणाचं?” मी विचारलं.

“ठकूबाईचं. पनवेलला भाऊ असतो, त्यो गेला.” कोंडीबाला अक्षरओळख होती, वाडीवाडीत पत्रं वाचून दाखवायचं कामही त्याचंच होतं. त्याने कार्ड दुमडलं आणि फेट्याच्या पदरात खोचलं.

“हे काय?”

“आज तिच्या नातवाचं बारसं हाय. पावणं जमल्यात. उद्या देतो.”

“अरे, पण हे सरकारी टपाल आहे.”

“व्हय. सरकारला काय घाई हाय? भाऊ तर गेलाच की.” आणि तो पुन्हा पळायला लागला, मघापेक्षा जोरात, घुंगरं खणखणवत. “चला मास्तर! चालत गेलो तर बाया वळखत्यात. मी चालत आलो की त्यांच्या पोटात गोळा येतो.”

ठकूबाईच्या दारात त्याने घुगऱ्या खाल्ल्या, बाळाला हसवलं, मला बळेबळे जिलबी खायला घातली. फेट्यात तिचा भाऊ होता.

एवढी सामग्री हाती आल्यावर चोवीस वर्षांच्या होतकरू विनोदी लेखकाने काय करावं? मी तेच केलं. त्या दिवाळीत पुण्याच्या एका अंकात माझा लेख आला. ‘दुःखाची बातमी खात्याच्या सोयीने नव्हे, गिऱ्हाइकाच्या सोयीने पोचवणारा भारतातला एकमेव टपालवाला’ असं त्याचं वर्णन होतं. तो मयताची कार्डं फेट्यात कशी मुरत घालतो, कोणाला जेवणानंतर देतो, कोणाला लग्नानंतर, एकाला तर म्हैस व्याल्यानंतर, असं सगळं रंगवलं होतं. नाव अर्थातच बदललं होतं. कोंडीबाचं कोंडाजी केलं होतं. उंबरीचं उंबरगाव केलं होतं. एवढी काळजी घेतली होती.

लोक खूप हसले. वाईहून थोरल्या भावाच्या, श्रीपाददादाच्या अक्षरात आईचं पत्र आलं, की लेख शेजारच्या काकूंकडून दोनदा वाचून घेतला आणि हसून हसून ठसका लागला. कोंडीबालाही मी लेख वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत गंभीरपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, “म्हशीचं खोटं हाय.”

टपालखात्याला विनोद समजायला आठ महिने लागले. जुलैच्या अखेरीस कोंडीबानेच स्वतःच्या चौकशीचा कागद स्वतःच्या थैलीतून पळत आणला. लेखाचं कात्रण जोडलेलं होतं. टपाल अडवून ठेवल्याचा संशय. निरगुडकर इन्स्पेक्टर मंगळवारी दहिवणला येऊन जबाब घेणार. शाळेत, कारण तिथे टेबल होतं.

कोंडीबाची पंधरा वर्षं कच्ची नोकरी झाली होती. येत्या दिवाळीत त्याला पक्कं करणार, असं उंबरीच्या पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं. त्याची जमीन धरणात गेलेली. पळण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि पळण्यासाठी पगार देणारं खातं जगात एकच होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, तो भर पावसात टपाल घेऊन आला. त्याच्या मागोमाग ओढ्याला पाणी आलं. दहिवणच्या अलीकडे फर्लांगभर तो ओढा धरणाला मिळतो. एरवी घोट्याएवढा, चढला की माणूस काय, बैल टिकत नाही. कोंडीबाचं घर पलीकडच्या वाडीत. त्यामुळे तो अडकला तो माझ्याकडेच. दिवसा शाळेच्या ओसरीत बसायचा आणि ओढ्याकडे बघायचा.

मंगळवारी इन्स्पेक्टर येऊ शकले नाहीत. मला आनंद झाला. तालमीला वेळ मिळाला.

“हे बघ,” मी म्हणालो, “ते विचारतील, कार्डं मागे ठेवतोस का? तू काय म्हणायचं?”

“व्हय.”

“व्हय नाही! म्हणायचं, मास्तरांनी मनाने लिहिलं.”

“पर ते खरं हाय.”

“खरं आहे म्हणून तर नाही म्हणायचं. खोटं असतं तर मी तुला एवढं पढवलं असतं का?”

त्याला हे पटलं नाही; पण तो माझ्या घरी जेवत होता म्हणून त्याने मान हलवली. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा “व्हय” म्हणाला. मग ठरलं, की त्याने बोलायचंच नाही. जे काय ते मी बोलेन. खोटं रेटून बोलणं हा माझा व्यवसायच होता.

बुधवारी पाऊस थोडा उघडला. आम्ही दोघं ओढ्याच्या दरडीवर उभे राहून पाणी बघत होतो. तांबडं पाणी, मधूनच एखादं अख्खं झाड.

“कोंडीबा, खरं सांग, हे कार्डं मागे ठेवायचं तुझ्या डोक्यात आलं कुठून?”

त्याने काठीने दरडीचा चिखल उकरला. मग म्हणाला, “म्हादू केसकर. तुमी यायच्या आधी. हितंच ऱ्हायचा, तुमच्या साळंमागं. त्याच्या बापाचं कार्ड आलं, असंच सरावणात. मी आपला पळत आलो आणि हातात दिलं. येळंवर. म्हादू तसाच निघाला. बापाचं तोंड बघायचंय म्हनला. मी म्हनलं, अरं, पानी हाय. त्यानं ऐकलं न्हाय.” त्याने काठी पाण्याकडे केली. “हितनं शिरला. चार दिसांनी तिकडं, धरणाच्या कडंला गावला. सात वर्सं झाली.”

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं न्हाय.”

माझ्या लेखात म्हादूच्या जागी मी म्हैस घातली होती.

त्या संध्याकाळी मी पिठलं-भात केला. कोंडीबा जेवताना सारखा म्हणत होता, “घ्या की मास्तर. अजून घ्या.” जणू यजमान तोच. मी त्याला आईसाठी घेऊन ठेवलेली घोंगडी दाखवली. गणपतीत घरी नेणार होतो. “आईला थंडी फार बाधते. ही चांगली उबदार आहे ना?” त्याने घोंगडीवरून हात फिरवला, लोकर बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, “चांगली हाय.” मग ताट घेऊन बाहेर गेला. दोन माणसांची दोन ताटं घासायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

गुरुवारी सकाळी पाणी उतरलं. मी अजून दात घासत होतो तोच ओढ्याच्या बाजूने छत्री दिसली. छत्रीखाली निरगुडकर इन्स्पेक्टर, धोतर मांड्यांपर्यंत वर खोचलेलं, चपला हातात. बुधवारी येऊन पलीकडच्या वाडीत मुक्काम टाकून बसले होते. पाणी उतरल्याबरोबर निघाले. शिडशिडीत, दमेकरी, साठीला टेकलेले गृहस्थ. आल्या आल्या म्हणाले, “मास्तर, वाट मात्र तुम्ही लिहिलीय तशीच आहे हो. मी पिवळी फुलं शोधत होतो.”

“ती सप्टेंबरात येतात, साहेब.”

“तरीच. लेख आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. मी हसलो. मग दुसऱ्या दिवशी तोच लेख वरून चौकशीला आला, तेव्हा हसू थांबवावं लागलं.”

मला धीर आला. हसलेला माणूस अर्धा आपला असतो. टेबल मांडलं. कोंडीबा भिंतीशी उभा राहिला. निरगुडकरांनी कागद काढला, पेनात शाई भरली आणि विचारलं, “या लेखातला कोंडाजी कोण?”

“कोणी नाही. काल्पनिक,” मी म्हणालो.

“आणि कार्डं मागे ठेवण्याचे प्रसंग?”

“ते माझ्या डोक्यातून निघालेले. लेखक फार पाजी असतात, साहेब. कोंडीबासारखा वक्तशीर टपालवाला जिल्ह्यात नाही. तसं लिहिलं असतं तर कोणी छापलं नसतं.”

निरगुडकर गालात हसले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, “लेखातील मजकूर काल्पनिक असल्याचे लेखकाने कबूल केले. टपाल मिळण्याबाबत गावकऱ्यांची तक्रार नाही.” मान वर करून म्हणाले, “संपलं. नियम म्हणून थैली आणि अंगावरचं तेवढं बघतो, मग चहा पाजा.”

थैली रिकामी होती. खिशात तंबाखू निघाली. निरगुडकर ओशाळल्यासारखे म्हणाले, “फेटा.”

कोंडीबा हलला नाही. मीच हसत म्हणालो, “सोड रे. तुझं टक्कल साहेबांना बघू दे.”

त्याने फेटा उतरवला, उलगडला. आत एक पोस्टकार्ड होतं. कोपरा फाडलेलं.

निरगुडकरांनी ते उचललं. आधी शिक्का पाहिला, मग पत्ता वाचला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कार्ड माझ्यासमोर धरलं.

‘श्री. मुकुंद बावडेकर, शिक्षक, मु. दहिवण.’ अक्षर श्रीपाददादाचं. ‘आई शुक्रवारी पहाटे गेली. दोन दिवस नुसता ताप होता. तुझं नाव घेत होती. दहाव्याला तरी ये.’ खाली उंबरीचा शिक्का, सोमवारचा.

पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या. मग निरगुडकर अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर, हे कार्ड तुम्हाला सोमवारीच मिळालं. दुःखाचं कार्ड घरात ठेवत नाहीत म्हणून तुम्ही ते कोंडीबाजवळ ठेवायला दिलंत. असंच ना?”

पेन त्यांनी कागदापासून उचलून धरलं होतं. नुसती मान हलवायची होती. तीन दिवस ज्या खोट्याची मी तालीम करत होतो, त्याहून सोपं आणि चांगलं खोटं त्या भल्या माणसाने माझ्या हातात आयतं ठेवलं होतं.

पण मला दिसत होती ती पिठल्याची ताटं. हा माणूस तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवला. मी घोंगडी दाखवली, तेव्हा याने लोकर बोटांत धरून पाहिली. तीन दिवस माझी आई याच्या डोक्यावर होती, आणि मी याला विनोद सांगत होतो. ठकूबाई मला आठवली नाही. म्हादू केसकर आठवला नाही. ओढा तर समोर असून दिसला नाही.

“नाही,” मी म्हणालो. “मला हे आत्ता मिळतंय.”

“मास्तर, नीट आठवा.”

“आत्ता मिळतंय!” मी ओरडलो. “विचारा त्याला! तीन दिवस माझ्या घरी गिळत होता, विचारा त्याला!”

निरगुडकरांनी कोंडीबाकडे पाहिलं.

“बरुबर हाय, सायेब,” कोंडीबा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “आज देनार व्हतो, मास्तर. पानी उतरल्यावर. तुमचं तोंड धुऊन हुयाची वाट बघत व्हतो. तेवढ्यात सायेब आलं.”

निरगुडकरांनी आधीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि नवा घेतला. बराच वेळ लिहीत होते. कोंडीबाने सही केली. थैली, काठी आणि खाकी डगला टेबलावर ठेवला. डगला काढल्यावर तो एकदम लहानखुरा दिसायला लागला. चहा कोणी मागितला नाही.

मी पिशवी भरली. काय भरत होतो ते मला कळत नव्हतं. बाहेर आलो तर कोंडीबा ओसरीत उभा. त्याने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि खांद्याला लावली.

“साताऱ्याची गाडी उंबरीवरनं साडेबाराला सुटती,” तो म्हणाला. “पळावं लागंल.”

मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्यामागून निघालो. ओढ्यात पाणी अजून मांडीपर्यंत होतं. त्याने माझं मनगट धरलं, ते पलीकडे जाऊनच सोडलं. मग तो पळायला लागला. काठी नव्हती, घुंगरं नव्हती. फक्त चिखलातली पावलं. मी दमलो की तो मागे न बघता हळू व्हायचा, मला धाप ओसरल्यासारखी वाटली की पुन्हा वेग धरायचा. वाटेतल्या वाडीत ठकूबाई दारात उभी होती. कोंडीबा भलत्या वेळी, उलट्या दिशेने, डगल्याशिवाय पळताना बघून तिने विचारलं, “काय रं, काय झालं?”

“मास्तरास्नी गाडी गाठायचीय,” तो म्हणाला.

तिसऱ्या टेकडीवर मला रडू आलं. पळता पळता रडणं हा अत्यंत गैरसोयीचा प्रकार आहे. दोन्हींपैकी काहीच धड होत नाही. तो थांबला. पाठ करून उभा राहिला, धरणाकडे बघत, मी नाक पुसेपर्यंत. तेव्हा बोलता आलं असतं. तिथे आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, “चल.”

उंबरीला गाडी सुटली होती. वळणाशी कोंडीबाने तिला गाठलं, आडवा जाऊन उभा राहिला. कंडक्टरने त्याला ओळखलं. “काय रे कोंडीबा, आज टपाल राहिलं का?” कोंडीबाने दार उघडलं. मला आत ढकललं, पिशवी मांडीवर दिली आणि दार लावून घेतलं. गाडी हलल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही. आता सांगायला हरकत नाही, की मुद्दाम पाहिलं नाही.

वाईला पोचायला शुक्रवारची सकाळ झाली. आठवा दिवस. दहाव्यात काही अडलं नाही. माझं काहीच चुकलं नव्हतं. सोमवारी कार्ड हातात पडलं असतं, तरी मी ओढा उतरल्यावरच, म्हणजे गुरुवारीच निघालो असतो. किंवा सोमवारीच निघालो असतो.

श्रीपाददादा ओटीवर बसला होता, मुंडण केलेला. मला बघून उठला, जवळ घेतलं. मग म्हणाला, “इतका उशीर? मी शनिवारीच कार्ड टाकलं. सोमवारी मिळायला हवं होतं.”

“काल मिळालं.”

“काल?” दादा चिडला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, तो आणखी चिरकला. “तीन दिवस काय करत होता तो टपालवाला? अशा लोकांना सोडता कामा नये. तक्रार कर त्याची, मुकुंदा. वरपर्यंत कर.”

“केली,” मी म्हणालो.